बावीस वर्षांचं कोपर

फोटोत सांतोचं नुसतं कोपर आलं होतं.

कोपर तसं वाईट नव्हतं. पांढऱ्या कोटाच्या बाहीत होतं, बाहीला कडक इस्त्री होती, मनगटाशी शिंपल्याचं बटण चमकत होतं. पण माणसानं बावीस वर्षं एका सभेचा सभासद असावं, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तराफ्यावर उभं राहून नदी ओलांडावी, तराफेवाल्याची बडबड ऐकावी, आणि सभेच्या रौप्यमहोत्सवाच्या फोटोत त्याचं एक कोपर तेवढं यावं? उरलेला सांतो चौकटीबाहेर राहिला होता.

पुरिंगनं हा फोटो पाहिला तो नणंदेच्या घरी, नणंदेच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला, हातात ताट आणि तोंडात घास असताना. नणंद म्हणजे रेमेदियोस, सांतोची थोरली बहीण, म्हणून पुरिंगची 'मानांग', नदीपलीकडच्या बालाबागला दिलेली. तिचा नवरा विडाल म्हणजे तिथल्या सात दिव्यांच्या बंधुसभेचा अकरा वर्षं असलेला अध्यक्ष. तो फोटोत मधोमध बसला होता, दोन्ही कोपरांसकट.

"मानांग, ह्यात आमचा सांतो कुठंय?" पुरिंगनं विचारलं.

"अगं, तो काय, डावीकडे! कोपर."

"कोपर?"

"त्याचंच गं. बटण बघ ना, तूच शिवलंयस."

"बटण मीच शिवलंय," घास गिळून पुरिंग म्हणाली. "पण बाहीत माणूस आहे असं समजून शिवलं होतं."

बायका हसल्या. कुणाच्या बाजूनं हसल्या ते कळलं नाही, आणि पुरिंगला तेच जास्त झोंबलं.

परतताना तराफ्यावर ती एक शब्द बोलली नाही. पुरिंग गप्प बसली की त्यांच्या सान मेलितोन गावातली माणसं कपडे वाळत घालायची थांबतात, वादळ येणार म्हणून. सांतोही गप्प होता, पण तो नेहमीच गप्प. चौतीस वर्षं तारमास्तरकी केलेला माणूस; दर शब्दाला दाम पडतो ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. नदीच्या मध्यावर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "फोटोचं जाऊ दे. पण विडालनं आज आणखी एक सांगितलं."

"काय सांगितलं त्या भोपळ्यानं?"

"आमचे बंधू मयताला नदी ओलांडून यायचे नाहीत म्हणाला. तराफा हलतो, दिवे विझतात."

आता ह्या सात दिव्यांच्या बंधूंचं एकूण काम काय, तर निळे पट्टे घालून खोलीत बसायचं, सात दिवे लावायचे, बायकांना सांगू नयेत अशा गोष्टी एकमेकांना सांगायच्या (त्या बायकांना आधीच ठाऊक असतात), अडल्यानडल्या बंधूला हात द्यायचा, आणि एखादा बंधू गेला की त्याच्या पेटीपुढे सात दिवे घेऊन चालायचं. सांतोला खरा ओढा होता तो ह्या शेवटच्या गोष्टीचा. बावीस वर्षांत त्यानं एकोणीस जणांपुढे दिवा धरला होता, आणि एकदाही विझू दिला नव्हता.

"म्हणजे तू गेलास तर?"

"अंधारात जाईन," सांतो म्हणाला. तक्रार म्हणून नाही. तार वाचून दाखवावी तसा.

पुरिंगनं सांतोची बाही घट्ट धरली. तराफा हलला म्हणून धरली असं तिनं पुढे सगळ्यांना सांगितलं.

"हे बघ सांतो, मी सांगितल्याशिवाय तू मरायचं नाहीस. आणि सभा आपल्या गावात निघेल. माझ्या घरात निघेल. मग बघू कोण कुणाला कोपरात बसवतं."

ठरलं. ठरवायला तराफा पुरला. बाकीच्याला पाच महिने लागले.

सभेच्या नियमांचं पुस्तक मनिलाहून मागवलं. ते वाचायला माएस्त्रो ओलिंपियो हे निवृत्त हेडमास्तर बसले, कारण पुरिंग शाळेत दोनच वर्षं गेलेली. तिसऱ्या वर्षी मास्तरणीनं येऊ नको म्हणून सांगितलं असं बालाबागची माणसं म्हणतात. खरं म्हणजे पुरिंगनंच मास्तरणीला सांगितलं होतं, की तुझ्याजवळचं संपलं असेल तर मी जाते. पोत्यांची मोजदाद ती तोंडी करी, लिहिणं सहीपुरतं, आणि बाजारात केळीच्या पानात उकडलेले चिकट तांदळाचे सुमान विकून चार मुलांना शिकवलं. अक्षरांनी आजवर तिचं काही वाकडं केलं नव्हतं आणि तिनं अक्षरांचं.

माएस्त्रोंनी चष्मा पुसला. "बारा बंधू हवेत. वरच्या मजल्यावरची खोली हवी, एकच दार असलेली. आत सात दिवे. दाराबाहेर नंगी तलवार घेतलेला द्वारपाल. मनिलाहून तपासनीस येणार, एक पूर्ण बैठक पाहणार, पसंत पडली तर तिथल्या तिथं सनद देणार."

"आणि नाही पडली तर?"

"तर सात वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही."

सांतोनं बोटांवर मोजलं. तो सहासष्ट वर्षांचा होता आणि त्याच्या घराण्यात सत्तरी ओलांडणं हा आगाऊपणा समजला जाई. त्यानं मोजलेलं पुरिंगनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

बारा बंधू मिळायला वेळ लागला नाही. अध्यक्ष व्हायला तयार असलेले बारा जण एका संध्याकाळीच मिळाले. सभासद व्हायला कुणी नव्हता. त्यातून गावात सगळे एकमेकांचे कुंपारे. ह्यानं त्याच्या लेकराला बाप्तिस्म्याला धरलेलं, त्यानं ह्याच्या. कुंपारेला 'तू खाली बस' म्हणायचं म्हणजे लेकराचा बाप्तिस्मा परत करण्यासारखं. शेवटी पुरिंगनंच तोड काढली. सांतो अध्यक्ष, कारण खोली त्याच्या बायकोची; बाकी अकरा जणांना अकरा हुद्दे. एक दिव्यांचा प्रमुख, एक तेलाचा प्रमुख, एक वातींचा प्रमुख. कुणी कुणाच्या हाताखाली नाही आणि कुणाच्या हाताखाली कुणी नाही. गावगाडा असाच तर चालतो.

मग नगरपालिकेची परवानगी. तिथला कारकून नेमेसियो फॉर्म पुढे सरकवून म्हणाला, "तिया पुरिंग, सभेचा उद्देश लिहा."

"गुप्त आहे."

"इथं गुप्त चालत नाही. रकाना भरावा लागतो."

"मग भर की. 'गुप्त' लिही."

"वरच्यांनी विचारलं गुप्त म्हणजे काय, तर?"

"त्यांना म्हणावं, माहीत असतं तर गुप्त कशाला लिहिलं असतं?"

नेमेसियोनं पेन खाली ठेवलं. उद्या या म्हणाला. उद्या गेलं, तर शेजाऱ्यांचं ना-हरकत पत्र आणा म्हणाला. ते नेलं, तर शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांचं. चौथ्या दिवशी पुरिंगनं त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तुला काय हवंय रे नक्की?" नेमेसियो लाजला, टेबलाच्या कडेचा टवका नखानं उकरत म्हणाला, "तिया, तो निळा पट्टा... मला शोभेल ना?" त्याच दुपारी परवानगी मिळाली आणि वातींच्या प्रमुखाची जागा नेमेसियोला गेली. आधीच्या वातींच्या प्रमुखाला काड्यापेटीचा प्रमुख केलं; ती जागा रिकामीच होती, तिचा पहिला धनी तीन रात्रींच्या उपासाला कंटाळून गळाला होता.

खोली पुरिंगच्या भाताच्या कोठारावर होती. जिना बाहेरून. सुतार जिना दुरुस्त करायला आला तेव्हा सगळी आळी सल्ले द्यायला उभी राहिली आणि कुणीतरी पायऱ्या मोजल्या: सोनं, चांदी, मरण, सोनं, चांदी, मरण. बारा पायऱ्या. शेवटची मरणावर, आणि शेवटची जिच्यावर तेच घराच्या नशिबी.

"अगं बाई," समोरची म्हातारी छातीवर हात ठेवून म्हणाली, "ह्या जिन्यानं तीस वर्षं चढतेस तू?"

"चढते. आणि जिवंत आहे. मरणालाच दम लागत असेल वर येताना."

पण अध्यक्ष सांतो होणार होता, आणि सांतोच्या बाबतीत पुरिंगला आता धोका घ्यायचा नव्हता. तिनं खाली एक पायरी वाढवून घेतली. तेरावी, म्हणजे सोन्यावर. आता ज्यांच्या पायांना बारा पायऱ्यांची सवय होती ते सगळे तेराव्या पायरीला ठेचकाळून वर येऊ लागले. पहिल्या आठवड्यात दोन गुडघे आणि एक दात गेला. दात काड्यापेटीच्या प्रमुखाचा. पण ह्यात एक फायदा झाला, तो पुढे कळेल: कुणीही वर आलं की दाराशी आधी 'धाड' असा आवाज होई.

पहिली तालीम रविवारी दुपारी. द्वारपाल म्हणून तेबान न्हाव्याला उभं केलं. तलवार म्हणून मिरवणुकीतली लाकडी, चांदीचा वर्ख लावलेली. आत बैठक सुरू झाली आणि बैठकीनंतर खायचं म्हणून पुरिंगनं खाली नूडल्स परतायला घेतल्या. चुकलं ते इथंच.

कारण असं, की आपल्याकडे घरात काही शिजलेलं असताना दाराशी माणूस आलं, की 'या, जेवायला या' म्हटल्याशिवाय दार लावता येत नाही. शत्रू असला तरी. तो 'नको, आत्ताच जेवलो' म्हणेल हे खरं, पण म्हणायचं. आणि तेबानचा वस्तरा गावातल्या प्रत्येक गळ्यावरून फिरलेला. त्या गळ्याला तो 'आत येऊ नको' कसं म्हणणार?

पहिली आली समोरची म्हातारी, साऱ्या गावाची लोला, म्हणजे आजी. धाड.

"तेबान, आत काय चाललंय रे?"

"गुप्त आहे, लोला."

"वास तर नूडल्सचा येतोय."

"हो... या, जेवायला या," तेबानच्या तोंडून गेलं. आणि म्हातारी 'नको' म्हणायला विसरली.

मग मासेवाली. मग बँडचे तिघे. मग पाद्रे स्वतः, आत सैतानाची पूजा चालते असं ऐकलं होतं ते बघायला. सैतान दिसला नाही, नूडल्स दिसल्या, दोनदा वाढून घेतल्या. माएस्त्रोंनी गुप्त हस्तांदोलन शिकवायला सुरुवात केली तेव्हा खोलीत अकरा बंधू आणि चौतीस पाहुणे होते. मासेवालीला ते सगळ्यांत आधी जमलं. सोमवारी बाजारात कोळंबीचा भाव ठरला की लोक तेच हस्तांदोलन करू लागले.

मंगळवारी तराफ्यावरून रेमेदियोस आली. नुसतीच आली नाही, छत्री घेऊन आली. बसली, सुमान उचलला, हुंगला, खाली ठेवला.

"पुरिंग, तुझ्या सभेत म्हणे मासेवाली बसते?"

"येते. तुमच्यात मासे बसतात, असं ऐकलंय."

"बोल बाई, बोल. आमच्या बालाबागच्या दारावर लष्करातला हवालदार असतो हो. माशी आत जात नाही." मग तिनं खरी गोष्ट काढली. "विडाल म्हणाला तुला सांगून ठेव. मनिलाचा तपासनीस येईल तेव्हा शेजारच्या सभेचा अध्यक्ष साक्षीला लागतो. म्हणजे विडालच. आत्ताच अर्ज मागे घ्या म्हणाला, लाज झाकलेली राहील. हवं तर पुढच्या फोटोत सांतोला पुढच्या रांगेत बसवतो."

"खुर्चीवर की जमिनीवर?"

"जमिनीवर. पण पुढच्या रांगेत."

पुरिंगनं तिला सहा सुमान बांधून दिले, कारण घरी आलेल्याला रिकामं पाठवायचं नसतं. मग कोठारात जाऊन भाताच्या पोत्याला एक लाथ घातली.

दुसऱ्या तालमीला द्वारपाल बदलला. बंधूंपैकीच एक, बँडमधला ढोलवाला बाहेर उभा केला. अर्धा बहिरा, कुणाचं ऐकूच येणार नाही म्हणून. त्याला लोकांचं ऐकू आलं नाही हे खरं. पण आतून 'दार बंद' म्हटलेलंही ऐकू आलं नाही, आणि लोक त्याला वळसा घालून आत गेले. ह्या वेळी एकेचाळीस. मेयरची बायको आत भरतकाम घेऊन बसली होती. सांतो मधल्या खुर्चीवरून सगळं बघत होता. संध्याकाळी त्यानं आपला निळा पट्टा घडी करून पेटीत ठेवला.

"राहू दे पुरिंग," तो म्हणाला. "अंधाराचं एवढं काही नाही."

त्या माणसानं पैसे पडत असल्यासारखे शब्द वापरले होते आयुष्यभर. हे सात शब्द पुरिंगला फार महाग वाटले.

तपासणीचा दिवस उजाडला. पहाटे आख्खं डुक्कर निखाऱ्यावर चढलं, कारण मनिलाचा माणूस आणि डुक्कर नाही असं झालं तर सनद मिळूनही नाव जाईल. आठ वाजता वास चर्चपर्यंत गेला. नऊला माएस्त्रो ओलिंपियो पुस्तक छातीशी धरून धावत आले. तेराव्या पायरीला धडपडले आणि तिथंच बसले.

"घात झाला! बारीक अक्षरात आहे. बारा बंधू *आत* हवेत. द्वारपाल बारांच्या वरचा!"

आज पुन्हा दारावर तेबानच उभा राहणार होता; त्याला आनंद झाला. त्याला आत बसायचं होतं, इलोइलोहून फोटोवाला येणार होता. पण आता बाहेर कोण? तेरावा बंधू कुठून आणायचा? एका दिवसात कुणाला बंधू करता येत नाही, तीन रात्रींचा उपास लागतो. सगळ्यांनी एकदम बोलून पाहिलं, मग एकदम गप्प बसून पाहिलं.

"काय लिहिलंय ते नीट वाचा," स्वयंपाकघरातून पुरिंगचा आवाज आला. ती कोयत्यानं नारळ फोडत होती. "अक्षर न् अक्षर वाचा. आमचं काय, आम्ही अडाणी. पण तुम्ही लोक वाचता एक आणि समजता दुसरंच."

माएस्त्रोंनी वाचलं. "'द्वारपाल वयानं पुरता, शुद्धीवर असलेला आणि कुणाला न भिणारा असावा. हाती धारेचं शस्त्र असावं.'"

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"बंधू असावा असं लिहिलंय?"

माएस्त्रोंनी पान उलटलं, परत उलटलं. "नाही. दाराच्या *आत* बाईनं येऊ नये, एवढंच लिहिलंय."

खट्. नारळ फुटला. दोन सारख्या वाट्या झाल्या. बारा पुरुष स्वयंपाकघराच्या दारात गोळा झाले आणि कोयत्याकडे बघू लागले.

"काय बघताय?" पुरिंग म्हणाली. "मला कुणी विचारलंय का काही?"

कोणी पुढे होईना. शेवटी सांतो पुढे आला, पट्टा घालून आला, आणि चाळीस वर्षांपूर्वी लग्नाला मागणी घालतानाही केलं नव्हतं तसं नीट वाकून म्हणाला, "पुरिंग, दार तू सांभाळशील का?"

"बघते," पुरिंग म्हणाली. "हातातला नारळ संपू दे."

नारळ सावकाश संपला. मग सांतोनं तिच्या कानात ह्या वर्षाचा शब्द सांगितला. हा शब्द दर वर्षी मनिलाहून मोहोरबंद पाकिटातून सगळ्या अध्यक्षांना येतो, सभा अजून अर्जावर असली तरी. जो बंधू तो सांगेल त्यालाच दार उघडायचं. माएस्त्रो म्हणाले, विसराल, लिहून घ्या. पुरिंग म्हणाली, लिहिलेलं वाचता येतं, म्हणून तर सगळं फुटतं तुमचं.

वर दाराबाहेर ती स्टूल टाकून बसली. मांडीवर कोयता, एका बाजूला नारळ, दुसऱ्या बाजूला डुकराच्या मांसाची परात, ताटांची चळत आणि भात. परात कशाला, असं तेबाननं विचारलं. "तू आत जा, तुझा फोटो काढायचाय," पुरिंग म्हणाली.

आत तयारीची घंटा वाजली. बाहेर धाड झालं. समोरची म्हातारी.

"पुरिंग, वास सुटलाय गं."

"या लोला, जेवायला या," पुरिंग म्हणाली, भरलेलं ताट तिच्या हातात दिलं आणि पायरीकडे बोट केलं. "तिथं बसा."

"आत नाही का?"

"जेवायला या म्हटलं. आत या कुठं म्हटलं?"

एवढी साधी गोष्ट, पण पाच महिने बारा शहाण्यांना सुचली नव्हती. म्हातारी बसली. मासेवाली दुसऱ्या पायरीवर बसली, बँड तिसरी-चौथीवर. पाद्रे आले, म्हणाले, "मला तरी आत काय चाललंय ते कळायला हवं, माझी माणसं आहेत ती."

"पाद्रे, तुम्ही कबुलीजबाब ऐकता तेव्हा मी पडद्याआड येऊन बसते का?"

"नाही."

"इच्छा मला फार असते. तरी नाही येत. पाय घ्यायचा की बरगडी?"

पाद्रेंनी बरगडी घेतली. मेयर आले, ह्या गावात आपल्याला कुठलंही दार बंद नसतं म्हणाले. पुरिंगनं नुसता नारळ फोडला. मेयर सातव्या पायरीवर बसले.

मग एक लहानसर, काळ्या छत्रीचा, घामाघूम माणूस आला. धाड. पट्टा नाही, बिल्ला नाही, बुटावर बसची धूळ.

"बाई, मला आत जायचंय. मी मनिलाहून आलोय."

"मनिलाहून उंदरांचं औषधही येतं. आधी जेवा."

"मी आरांगो. मी तपासायला आलोय."

"मग तपासा," ती ताट पुढे करत म्हणाली. "मीठ बरोबर आहे का सांगा."

"अहो, मला उशीर होतोय! मी तक्रार करीन. सभाच बंद होईल तुमची!"

हा खराच तो असेल तर? आत सांतो बसला होता, पट्टा लावून, आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या बैठकीला मधल्या खुर्चीत. दार उघडलं तर सोपं होतं. पण गेल्या दोन तालमी दार उघडल्यामुळेच तर बुडाल्या होत्या. तिनं कोयता मांडीवरून उचलून दारावर आडवा धरला.

"तुम्ही खुद्द मनिलाचे आर्चबिशप असाल. शब्द सांगा. नाहीतर भात वाढते."

छोट्या माणसानं छत्री मिटली. मग वाकला आणि तिच्या कानात एक शब्द बोलला. कुठला ते विचारू नका. तेव्हाही कुणाला कळला नाही, आता कशाला?

पुरिंग उठली, कोयता बाजूला घेतला आणि दार उघडलं. "आधीच सांगितलं असतंत तर भात निवला नसता," ती म्हणाली.

तो आत जातो न जातो तोच मोठं धाड झालं. इतकं मोठं, की सगळे ताट सावरत मागे वळले. विडाल. तराफा वाळूत रुतला म्हणून उशीर, पांढरा कोट, निळा पट्टा, छातीवर तीन पदकं, आणि गुडघ्याला माती. मागे छत्री घेऊन रेमेदियोस.

"बाजूला हो, पुरिंग. मी साक्षीदार आहे."

"असाल. शब्द?"

"कसला शब्द? मी विडाल! अकरा वर्षं अध्यक्ष!"

"अध्यक्षाला तर पाठच असेल मग. बोला."

विडालनं छातीवरची पदकं सारखी केली. अकरा वर्षांत कुणी त्याला कुठल्याच दारात शब्द विचारला नव्हता. हवालदार नुसता सलाम ठोकायचा. मोहोरबंद पाकीट घरी कपाटात होतं. मोहोरेसकट.

"मानांग," पुरिंग गोड आवाजात म्हणाली, "भाओजींना सांगा, जेवायला या."

आरांगो साहेब दीड तासानं बाहेर आले. मागे बारा बंधू, प्रेतासारखे पांढरे. आत दिवे उलट्या क्रमानं लागले होते, तेलाचा प्रमुख आणि वातींचा प्रमुख भांडले होते, माएस्त्रो शपथेचं वाक्य विसरून पाढे म्हणाले होते. साहेबांनी जिन्याकडे पाहिलं: तेरा पायऱ्यांवर आख्खं गाव जेवत होतं, आणि एकानंही उंबरठा ओलांडला नव्हता. नवव्या पायरीवर पदकं लावलेला एक मोठा माणूस बरगडी चोखत बसला होता.

"साक्षीदार कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"हे काय, जेवतायत," पुरिंग म्हणाली. "शब्द आठवेना त्यांना. काय करू, नियम आहे."

साहेबांनी विडालकडे पाहिलं. विडालनं बरगडीकडे पाहिलं.

"बैठकीत चौदा चुका झाल्या," साहेब म्हणाले. सांतोचा हात आपसूक पट्ट्याकडे गेला, घडी करायला. "चुका सुधारता येतात. पण सव्वीस वर्षं मी सभा तपासतोय. ह्या साध्या कपड्यांत, ह्या छत्रीनिशी, मी प्रत्येक दारातून आत गेलोय. कुणी सलाम करतं, कुणी खुर्ची देतं. अडवलं आज पहिल्यांदा. दार राखता येतं त्यांना दिवे राखता येतील." मग त्यांनी खिशातून गुंडाळलेली सनद काढली, सांतोच्या हातात ठेवली आणि पुरिंगकडे वळून म्हणाले, "आता तो भात मिळेल का?"

बँडवाल्यांनी ताटं खाली ठेवली आणि खरकट्या हातांनी वाजवायला घेतलं. समोरची म्हातारी रडली, माएस्त्रो रडले, तेबाननं रडता रडता तीन जणांशी गुप्त हस्तांदोलन केलं, त्यातली एक मासेवाली. सांतो सनद वाचत होता. दोनदा वाचली. मग म्हणाला, "पुरिंग, आता दिवे नदी ओलांडायला नकोत."

"नकोत. पण घाई करू नकोस. तेल महाग आहे."

आत उजेड कमी पडला म्हणून फोटो जिन्यावर काढला. पुरिंगनं सगळ्यांना बसवलं. मधोमध सांतो, खुर्चीवर. एका बाजूला आरांगो साहेब, हातात ताट. दोन्हीकडे बंधू, हुद्द्याप्रमाणे नाही, उंचीप्रमाणे. आणि सांतोच्या मागे, दारात, कोयता घेऊन ती स्वतः. दाराच्या बाहेर. नियम म्हणजे नियम. फोटोवाल्यानं काळ्या फडक्यात डोकं घातलं तेव्हा कडेला कुणाची तरी धक्काबुक्की चालली होती, आत सरकायला जागा मिळेना म्हणून. पुरिंग म्हणाली, "काढा तुम्ही."

फोटो महिन्यानं आला. एक सभेत लावला. दुसरा पुरिंगनं चांगल्या लाकडाच्या चौकटीत बसवला, सोबत बारा सुमान बांधले, आणि तराफ्यावरून स्वतः बालाबागला नेऊन नणंदेच्या हातात दिला. रेमेदियोसनं चष्मा लावला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"ह्यात आमचे हे कुठं आहेत?"

"अहो मानांग, ते काय, उजवीकडे. कोपर." पुरिंगनं काचेवर बोट ठेवलं. "त्यांचंच आहे. बाही बघा ना, बटण तुटलंय."